सायकलचा टायर सदोष निघाला तर? पैसे कोणाचे, जबाबदारी कोणाची

सायकल आणि तिच्या सुट्या भागांवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. टायर आणि ट्यूबवर मात्र तो आधीपासूनच ५ टक्के होता. म्हणजे नवी सायकल घेणाऱ्याचा कर कमी झाला. नुसता टायर बदलणाऱ्याला या बदलातून वेगळा लाभ नाही. त्यामुळे "जीएसटी उतरला म्हणून टायर एवढा स्वस्त" असे कोणी सांगितले, तर त्यावर विसंबू नका. टायर हातात घेऊन पाहा आणि बिल मागा.

सायकल स्वस्त झाली की ती जास्त घरांत पोहोचते. पण घेतलेला टायर आठ-पंधरा दिवसांत फुगला, कडेने फाटला किंवा चाकावर नीट बसलाच नाही, तर दाद कोणाकडे मागायची? याचे उत्तर सगळ्यांसाठी एकच नाही. सायकलचे किंवा टायरचे पैसे कोणी दिले, यावर ते अवलंबून आहे. म्हणून तुमचा मार्ग कोणता, हे आधी ठरवा आणि मगच तक्रारीला निघा.

टायर किरकोळ, नुकसान मोठे

बिहार सरकारने २००६ मध्ये नववीत जाणाऱ्या मुलींसाठी सायकल योजना सुरू केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास केला. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार योजनेमुळे माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींचे प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढले आणि मुलगे-मुलींमधील तफावत ४० टक्क्यांनी कमी झाली. ही वाढ मुख्यतः शाळेपासून दूर असलेल्या गावांत दिसली.

याचाच दुसरा अर्थ असा, की जिथे शाळा लांब आहे तिथे सायकल बंद पडली की शाळाही बुडते. रोजंदारीवर जाणाऱ्याचा खाडा होतो. सायकलवरून घरपोच सामान पोहोचवणाऱ्याची त्या दिवसाची कमाई जाते. पुढच्या चाकाचा टायर चालत्या सायकलवर फुटला, तर हातपाय मोडण्याची भीती असते. त्यामुळे टायर तीनशे रुपयांचा असला, तरी तक्रार तीनशे रुपयांपुरती नसते.

तुम्ही कोणत्या गटात आहात?

*पहिला गट: स्वतःच्या पैशाने खरेदी.* तुम्ही दुकानातून किंवा ऑनलाइन टायर घेतला. तुम्ही ग्राहक आहात आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ तुम्हाला थेट लागू होतो.

*दुसरा गट: योजनेची रक्कम खात्यात, खरेदी तुमची.* बिहारमध्ये सायकलसाठी रोख रक्कम दिली जाते. महाराष्ट्रात मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींच्या खात्यात सायकलसाठी पैसे जमा होतात. पैसा सरकारकडून आला असला, तरी दुकानदाराला तो तुम्ही दिला आहे. म्हणून इथेही ग्राहक तुम्हीच. "सरकारी योजनेची सायकल आहे, आम्ही जबाबदार नाही" हे दुकानदाराचे उत्तर चालणार नाही.

*तिसरा गट: तयार सायकल हातात.* पश्चिम बंगालमध्ये २०१५ पासून सुरू असलेली सबुज साथी योजना, तमिळनाडूची अकरावीच्या विद्यार्थ्यांसाठीची योजना, छत्तीसगडची सरस्वती सायकल योजना आणि मध्य प्रदेशची मोफत सायकल योजना या प्रकारात येतात. इथे खरेदी सरकारने केली आहे. पुरवठादाराशी करारही सरकारचाच आहे. म्हणून तुमची पहिली तक्रार शाळेकडे आणि शिक्षण विभागाकडे जाते.

या फरकाकडे नीट लक्ष द्या. सरकार वस्तू देते, तेव्हा ती तपासून घेण्याची जबाबदारी सरकारची असते. सरकार पैसे देते, तेव्हा तुम्हाला हवी ती सायकल आणि हवे ते दुकान निवडता येते, पण दर्जा पारखण्याचे ओझेही तुमच्यावर येते. ते ओझे पेलण्यासाठी तुमच्या हातात असलेला पहिला आधार म्हणजे पक्के बिल.

आधी खात्री करा: दोष टायरचा की वापराचा?

दुकानदार सर्वांत आधी हाच प्रश्न विचारेल. त्याचे उत्तर तयार ठेवा.

टायरमध्येच दोष असल्याची चिन्हे:
- हवा भरल्यावर टायरला एका जागी फुगा किंवा गाठ येते.
- टायरच्या कडेतली तार बाहेर येते, तुटते किंवा कड सैल असल्याने टायर रिममधून निसटतो.
- नव्या टायरचे रबर आतल्या कापडापासून सुटते किंवा आतले धागे दिसू लागतात.
- फिरवल्यावर टायर डावी-उजवीकडे डुलतो, पण रिम सरळ फिरते.
- न वापरलेल्या टायरच्या रबराला बारीक भेगा असतात. असा टायर बहुधा दुकानात फार काळ पडून राहिलेला असतो.

सहसा दोष टायरचा नसतो, अशी चिन्हे:
- काच, खिळा किंवा काटा लागून पडलेला काप.
- ट्यूबला शेजारी शेजारी दोन छिद्रे. हवा कमी असताना चाक खड्ड्यात आदळले की ट्यूब रिमखाली चिमटते आणि अशी छिद्रे पडतात.
- ट्यूबच्या आतल्या, म्हणजे आऱ्यांकडच्या बाजूला छिद्र. रिमवरची पट्टी सरकली किंवा निघाली असेल, तर आऱ्याचे टोक ट्यूबला टोचते.
- ब्रेकचे रबर टायरच्या कडेला घासून पडलेला चरा.
- टायरवर छापलेल्या मर्यादेपेक्षा जास्त हवा भरल्याने झालेला स्फोट.

टायर डुलत असेल, तर आधी पूर्ण हवा काढा आणि तो पुन्हा नीट बसवून घ्या. रिमजवळ टायरवर एक बारीक रेघ असते. ती चाकभर रिमपासून सारख्याच अंतरावर दिसली पाहिजे. तरीही डुलत असेल, तर तोच टायर त्याच मापाच्या दुसऱ्या चाकावर चढवून पाहा. डुलणे टायरबरोबर दुसऱ्या चाकावर गेले, तर दोष टायरचा. पहिल्याच चाकात राहिले, तर चाकाचा आउट काढावा लागेल. सायकल दुरुस्तीवाला ही तपासणी थोड्या वेळात करून देतो. तिचा मोबाइलवर व्हिडिओ काढा.

स्वस्तातली पातळ टायरची रेसर सायकल वापरत असाल, तर मापाकडे विशेष लक्ष द्या. टायरच्या कडेवर २५-६२२ असे आकडे असतात. पहिला आकडा टायरची रुंदी, तर दुसरा टायर ज्यावर बसतो त्या रिमचा व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. दुसरा आकडा जुन्या टायरवरच्या आकड्याशी जुळला पाहिजे. नुसते "अठ्ठावीस इंची" म्हणून टायर घेऊ नका, कारण अठ्ठावीस इंची म्हणून विकल्या जाणाऱ्या टायरमध्येही ६२२ आणि ६३५ अशी वेगवेगळी मापे असतात. चुकीच्या मापाचा टायर बसत नसेल, तर तो सदोष ठरत नाही. मात्र तुम्ही योग्य माप सांगूनही दुकानदाराने दुसरे दिले असेल, तर चूक त्याची आहे.

फुगा आलेला टायर एक दिवसही चालवू नका. आतून गेटर लावून काम भागवू नका. अपघाताचा धोका आहेच, शिवाय "तुम्ही टायरशी छेडछाड केली" असे म्हणायला समोरच्याला जागा मिळते. टायर आणि ट्यूब दोन्ही जपून ठेवा.

कायदा तुमच्या बाजूने काय सांगतो?

अनेक दुकानांत पाटी असते: "विकलेला माल परत घेतला जाणार नाही." मन बदलले म्हणून चांगला टायर परत द्यायला गेलात, तर दुकानदार नकार देऊ शकतो. सदोष मालाला ही पाटी लागू नाही. ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम २(४७) नुसार पुढील दोन्ही गोष्टी अनुचित व्यापार प्रथा ठरतात:

- विकलेल्या वस्तूचे बिल किंवा पावती न देणे.
- सदोष वस्तू परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे. यासाठी बिलावर मुदत लिहिलेली असेल, तर ती मुदत लागू होते. मुदत लिहिलेली नसेल, तर ३० दिवस.

म्हणून दोष दिसताच, शक्यतो ३० दिवसांच्या आत, लेखी तक्रार करा. तोंडी सांगितलेले पुढे सिद्ध करणे अवघड जाते.

सायकलवर सामान पोहोचवून पोट भरणाऱ्यांना काही वेळा सांगितले जाते, "तुम्ही धंद्यासाठी सायकल वापरता, तुम्ही ग्राहक नाही." हे चुकीचे आहे. केवळ स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वयंरोजगार म्हणून वस्तू वापरणारा माणूस कायद्यानुसार ग्राहकच असतो.

टायरवर आयएसआय खूण असेल, तर तिच्याजवळचा परवाना क्रमांक "बीआयएस केअर" ॲपवर तपासा. सायकल आणि रिक्षाच्या टायरसाठी आयएस २४१४ हे भारतीय मानक आहे. क्रमांक खोटा निघाला किंवा खूण असूनही दर्जा वाईट असेल, तर त्याच ॲपवरून भारतीय मानक ब्युरोकडे तक्रार करता येते.

पहिल्या आणि दुसऱ्या गटासाठी: दाद मागण्याच्या पायऱ्या

१. *दुकानदाराला लेखी कळवा.* व्हॉट्सॲप संदेशही चालेल. नमुना असा:

"मी दि. ___ रोजी आपल्या दुकानातून ___ कंपनीचा ___ मापाचा सायकल टायर रु. ___ ला घेतला. बिल क्र. ___. दि. ___ रोजी टायरला एका बाजूस फुगा आला. फोटो, व्हिडिओ आणि बिल सोबत जोडले आहे. टायर सदोष असल्याने बदलून द्यावा किंवा पूर्ण रक्कम परत करावी. कृपया ७ दिवसांत लेखी उत्तर द्यावे."

बिल नसेल, तर यूपीआयने पैसे दिल्याची नोंद, दुकानदाराशी झालेले संदेश किंवा दुकानाचा शिक्का असलेली चिठ्ठी शोधा. खरेदी दाखवायला यांचाही उपयोग होतो.

२. *राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन.* उत्तर आले नाही किंवा नकार आला, तर १९१५ या क्रमांकावर फोन करा. मराठीत बोलता येते. व्हॉट्सॲपसाठी क्रमांक ८८००००१९१५ आहे. तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवा. हेल्पलाइन तुमची तक्रार कंपनीपर्यंत नेते आणि तडजोडीचा प्रयत्न करते. तिला आदेश देण्याचा अधिकार नाही. लहान रकमेच्या तक्रारीसाठी खर्च न करता वापरण्यासारखा हा पहिला मार्ग आहे.

३. *जिल्हा ग्राहक आयोग.* तडजोड झाली नाही, तर तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत आयोगाकडे जाता येते. तुम्ही जिथे राहता किंवा काम करता, त्या जिल्ह्यात तक्रार दाखल होते. विक्रेत्याच्या गावी जावे लागत नाही. मोबदल्याची रक्कम ५ लाख रुपयांपर्यंत असेल, तर शुल्क नाही. वकील सक्तीचा नाही. १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालेल्या ई-जागृती संकेतस्थळावरून घरबसल्या तक्रार दाखल करता येते. आयोग टायर बदलून देण्याचा, पैसे परत करण्याचा आणि नुकसानभरपाईचा आदेश देऊ शकतो.

टायर ऑनलाइन घेतला असेल, तर पहिली तक्रार त्या संकेतस्थळाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे करा. ई-कॉमर्स नियम, २०२० नुसार त्याने ४८ तासांत तक्रार मिळाल्याची पोच द्यायची असते आणि एका महिन्यात ती सोडवायची असते. कंपनीचा फोन क्रमांक इंटरनेटवर शोधताना सावध राहा. पैसे परत देण्यासाठी ओटीपी किंवा पिन मागणारा माणूस ठग असतो. फसवणूक झालीच, तर लगेच १९३० वर कळवा.

तिसऱ्या गटासाठी: सायकल सरकारकडून मिळाली असेल

सायकल ताब्यात घेताना सही करण्याआधी चाक फिरवून पाहा, हवा टिकते का ते तपासा. दोष दिसला, तर पोचपावतीवर तसे लिहा आणि त्याचा फोटो घ्या. सायकल घरी नेल्यावर दोष दिसला, तर मुख्याध्यापकांच्या नावे अर्ज द्या. त्यात सायकलवरचा क्रमांक, मिळाल्याची तारीख आणि दोष लिहा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शाळेची पोच घ्या.

एकाच वेळी वाटलेल्या अनेक सायकलींत तोच दोष असेल, तर पालकांनी मिळून एकच अर्ज द्यावा आणि सर्व सायकलींचे क्रमांक जोडावेत. एका सायकलच्या तक्रारीला "मुलाने नीट वापरली नाही" हे उत्तर मिळू शकते. वीस सायकलींच्या बाबतीत ते देता येत नाही.

शाळेकडून काही झाले नाही, तर पुढे जा. मध्य प्रदेश आणि राजस्थानात १८१, उत्तर प्रदेशात १०७६ हे तक्रारीचे क्रमांक आहेत. महाराष्ट्रात "आपले सरकार" संकेतस्थळावर तक्रार नोंदवता येते. बिहारमध्ये लोक तक्रार निवारण अधिकार अधिनियम, २०१५ नुसार सुनावणी होऊन ६० कामकाजाच्या दिवसांत निर्णय मिळायला हवा. म्हणजे इंदूरच्या मराठी कुटुंबाला मध्य प्रदेशची व्यवस्था वापरावी लागेल आणि नागपूरच्या कुटुंबाला महाराष्ट्राची. ग्राहक कायदा आणि १९१५ हा क्रमांक मात्र दोघांनाही सारखाच.

माहितीचा अधिकारही इथे कामाला येतो. शिक्षण विभागाला तीन गोष्टी विचारा: पुरवठा करारात टायरसाठी किती महिन्यांची हमी आहे, सदोष भाग कोणी आणि किती दिवसांत बदलून द्यायचा आहे, आणि वाटपापूर्वी तपासणी कोणी केली. उत्तर ३० दिवसांत मिळायला हवे. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क लागत नाही. करारात हमी असेल आणि ती मागायला कोणी आले नाही, तर तिचा फायदा पुरवठादाराला होतो.

मोफत मिळालेल्या सायकलसाठी ग्राहक आयोगात जाता येते का? पैसे देणाऱ्याच्या संमतीने वस्तू वापरणारी व्यक्तीही कायद्याच्या व्याख्येत ग्राहक असते. पण ही तरतूद तुमच्या प्रकरणाला लागू होते का, हे आयोग कागदपत्रे पाहून ठरवतो. म्हणून आधी शाळा आणि विभाग, आणि गरज पडली तर विधी सेवा प्राधिकरणाचा सल्ला, असा क्रम ठेवा.

तीनशे रुपयांसाठी आयोगापर्यंत जावे का?

प्रत्येक वेळी नाही. ग्राहक कायद्याने तक्रार निकाली काढण्यासाठी तीन महिन्यांचे, आणि वस्तूची प्रयोगशाळेत तपासणी लागली तर पाच महिन्यांचे उद्दिष्ट ठेवले आहे. प्रत्यक्षात वेळ जास्त लागू शकतो. तपासणीचे शुल्क आधी तक्रारदाराला भरावे लागू शकते. एका टायरसाठी बुडणारी मजुरी टायरच्या किमतीपेक्षा जास्त होत असेल, तर दुकानदाराला लेखी तक्रार आणि १९१५ इथपर्यंतचा मार्ग पुरेसा समजा.

पण तीन प्रसंगी मागे हटू नका. टायर फुटून इजा झाली असेल, तर कायद्यातील उत्पादन दायित्वाच्या तरतुदींखाली उत्पादक आणि विक्रेत्याकडे भरपाई मागता येते. त्यासाठी दवाखान्याचे कागद आणि फुटलेला टायर जपून ठेवा. एकाच दुकानाने किंवा कंपनीने अनेकांना तोच सदोष माल विकला असेल, तर आयोगाच्या परवानगीने सर्वांच्या वतीने एकत्र तक्रार करता येते. आणि योजनेच्या पैशाने घेतलेली पूर्ण सायकलच निकृष्ट असेल, तर रक्कमही मोठी असते आणि तो लाभ पुन्हा मिळत नाही.

वकिलाची गरज वाटली, तर १५१०० या क्रमांकावर विधी सेवा प्राधिकरणाशी बोला. महिला, मुले, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि दिव्यांग यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते.

खरेदीच्या दिवशीच एवढे करा

- बिल मागा. त्यावर तारीख, कंपनी, माप आणि किंमत लिहून घ्या.
- हमी किती दिवसांची, ते बिलावरच लिहून घ्या.
- टायर बसवण्यापूर्वी दोन्ही कडा आणि आतली बाजू हाताने चाचपून पाहा.
- टायरवरच्या सर्व आकड्यांचा फोटो घ्या.
- हवा छापलेल्या मर्यादेतच भरा.

योजनेच्या रकमेतून सायकल किंवा टायर घेतला असेल, तर बिलाची एक प्रत शाळेत द्या आणि मूळ बिल घरी ठेवा. बिलावरची शाई उडून जाऊ शकते, म्हणून त्याचाही फोटो आजच काढून ठेवा.